अन्ननलिकेतून लसीकेपर्यंत: डुकराची थोरॅसिक डक्ट ईयूएसने कशी गाठावी

सिरिंजमध्ये पहिला थेंब उतरतो तेव्हा खोलीतले सगळे मॉनिटर सोडून त्या थेंबाकडे बघायला लागतात. पांढरट, जरासा पिवळसर, पाणी घातलेल्या दुधासारखा. अन्ननलिकेच्या आतून निघालेल्या सुईने छातीतली जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंदीची वाहिनी गाठलेली असते, आणि जनावराच्या कातडीवर ओरखडासुद्धा नसतो. हा थेंब कसा मिळवायचा, आणि मिळाल्यावर तो खरोखर लसीकेचाच (लिंफचा, म्हणजे ऊतींतून गोळा होऊन रक्तात परतणाऱ्या द्रवाचा) आहे याची खात्री कशी करायची, ते या लेखात सांगतो. दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड आहे. बहुतेकांची फसगत तिथेच होते.

लसीकेसाठी एवढा खटाटोप का, ते आधी सांगतो. खाल्लेल्या चरबीचा मोठा भाग आतड्यातून थेट रक्तात जात नाही, तो लसीकेतून जातो. चरबीत विरघळणारी काही औषधेही तीच वाट धरतात आणि यकृताला वळसा घालतात. स्वादुपिंडाचा तीव्र दाह किंवा शॉक यांत आतड्यातून गळणारे दाहकारक पदार्थ लसीकेवाटे आधी फुप्फुसांपर्यंत पोचतात, असा एक महत्त्वाचा विचार आहे. हे सगळे रक्तात शोधायला जावे तर तोवर ते पातळ झालेले असते. ते जिथून वाहते तिथेच गाठावे लागते, आणि शरीरातली लसीकेची सगळ्यात मोठी वाहिनी म्हणजे थोरॅसिक डक्ट. माणसात ती दिवसाला साधारण दीड ते अडीच लिटर द्रव रक्तात आणून सोडते.

जुना रस्ता शस्त्रक्रियेचा. बोलमन आणि सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये उंदरातल्या लसीकावाहिनीत नळी बसवण्याची रीत छापली, आणि पुढे जेम्स गोवन्स यांनी ऑक्सफर्डमध्ये थोरॅसिक डक्टमधूनच लिंफोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) रक्त आणि लसीका यांच्यात फिरत राहतात हे दाखवले. मोठ्या जनावरात मात्र यासाठी छाती किंवा मान उघडावी लागते. १९९० च्या दशकात कॉन्स्टँटिन कोप यांनी क्ष-किरणांच्या मदतीने पोटाच्या कातडीतून सुई घालून डुकरांत डक्ट गाठली आणि मग तीच रीत रुग्णांपर्यंत नेली. छातीत काइल, म्हणजे चरबीने दुधाळ झालेली लसीका, साचलेल्या रुग्णांवरचे आजचे सुईचे उपचार त्यातून उभे राहिले. ईयूएस, म्हणजे एंडोस्कोपच्या टोकावरचा अल्ट्रासाऊंड, हा तिसरा रस्ता. त्याचा तर्क सोपा आहे. छातीत डक्टचा शेजार अन्ननलिकेचा आहे आणि दोघींमधले अंतर सहसा एक-दोन सेंटिमीटरच्या आतले असते. मग दूरच्या वाटेने कशाला जायचे?

यातून काय मिळत नाही तेही सुरुवातीलाच सांगतो. ईयूएसने त्या क्षणाचा नमुना मिळतो, कॉन्ट्रास्ट (क्ष-किरणांत उठून दिसणारा द्रव) घालून वाहिनीचे चित्र मिळते, एखादा पदार्थ लसीकेत सोडता येतो, आणि आठवड्याने त्याच जनावरात हे पुन्हा करता येते. सहा तासांत किती मिली लसीका वाहिली, हे मात्र कळत नाही. तुमचा प्रश्न प्रवाहाचा असेल तर शस्त्रक्रिया करून नळी बसवा. सुईने काढलेल्या नमुन्यावरून प्रवाहाचा अंदाज बांधू नका.

जनावर कोणते

बहुतेक ठिकाणी तीस ते चाळीस किलोचे डुक्कर घेतात, आणि त्याला कारण आहे. माणसासाठी बनवलेला लिनिअर एकोएंडोस्कोप, म्हणजे ईयूएसचा स्कोप, ज्याचे टोक बारा ते चौदा मिलिमीटर जाडीचे असते, तो या आकाराच्या डुकराच्या अन्ननलिकेत सहज जातो. पण डुक्कर निवडण्याआधी तुमचा प्रश्न एकदा तपासून घ्या. डुकराच्या लसीकाग्रंथींची रचना उलटी असते आणि त्यातले लिंफोसाइट बाहेर पडणाऱ्या लसीकेत न जाता बहुतांशी थेट रक्तात उतरतात. परिणाम असा की डुकराच्या थोरॅसिक डक्टमधल्या लसीकेत लिंफोसाइट फारच थोडे सापडतात. चरबी, औषधे, प्रथिने, दाहकारक पदार्थ यांचा अभ्यास असेल तर अडचण नाही. पेशींच्या येरझाऱ्या बघायच्या असतील तर डुक्कर चुकीचे जनावर आहे. त्या कामासाठी मेंढी बरी. हे प्रयोग संपल्यावर लक्षात आले तर जनावरांचे जीव आणि वर्षभराची मेहनत दोन्ही वाया गेले म्हणून समजा.

शरीररचनेतला फरकही आधीच डोक्यात पक्का करून घ्या. माणसात डक्ट महाधमनी आणि उजवीकडची अझायगस शीर यांच्या मधून वर चढते, पाचव्या मणक्याच्या आसपास डावीकडे वळते आणि मानेच्या डाव्या मुळाशी शिरांच्या संगमात उघडते. पशुवैद्यकांना कुत्रा-मांजराचा फरक तोंडपाठ असतो: छातीच्या मागच्या भागात डक्ट कुत्र्यात उजवीकडे, तर मांजरात डावीकडे. डुकरात ती बहुधा महाधमनीच्या उजव्या-वरच्या कडेने जाते, पण अझायगस शीर मोठी असते ती डावीकडची, आणि ती थेट हृदयाच्या कोरोनरी सायनसमध्ये उघडते. माणसाच्या ईयूएसची सवय असलेला डॉक्टर पहिल्यांदा इथेच चकतो. डावीकडे महाधमनीला लागून एक काळी नळी दिसते आणि हात आपोआप सुईकडे जातो. मीही पहिल्या वेळी हीच चूक केली. गडबडीत कलर डॉपलर (वाहते रक्त रंगात दाखवणारी सोय) बंद राहिला होता आणि सिरिंजमध्ये गडद रक्त आले. त्या जनावराला सुदैवाने काही झाले नाही, पण तेव्हापासून डॉपलर लावल्याशिवाय मी सुईचे पाकीटही उघडू देत नाही.

परवानगी आणि सराव

भारतात हे काम १९६० चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे प्राणिप्रयोगांचे नियम यांच्या चौकटीत येते. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीपुढे प्रस्ताव ठेवायचा आणि डुकरासारख्या मोठ्या जनावरासाठी तिच्या शिफारशीसह केंद्राच्या समितीकडे पाठवायचा. पूर्वी सीपीसीएसईए म्हणत ती ही समिती, आता सीसीएसईए. प्रस्ताव लिहिताना एक गोष्ट ठळक मांडा. तेच जनावर दोनदा-तीनदा वापरता येते, म्हणजे प्रत्येक जनावर स्वतःचेच तुलनेचे जनावर होऊ शकते आणि एकूण संख्या कमी लागते. पण त्याबरोबर एका जनावराला किती वेळा भूल द्यायची याची मर्यादाही तुम्हीच लिहून द्या. संख्या कमी करायची म्हणून एकाच जनावरावर सगळा भार टाकणे बरोबर नाही.

सराव जिवंत जनावरावर सुरू करू नका. मेलेल्या जनावरात डक्ट चपटी होते, त्यामुळे तिथे डक्ट शोधण्याचा सराव होत नाही, स्कोप आणि सुई हाताळण्याचा तेवढा होतो. नेम शिकायला आम्ही अगरचा, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाचा, ठोकळा वापरतो. घट्ट अगरमध्ये दोन-तीन मिलिमीटर व्यासाची पातळ सिलिकॉनची नळी आडवी रोवायची, तिच्यात पाणी घातलेले दूध भरायचे, शेजारी एक जाड नळी महाधमनी म्हणून. स्कोपचे टोक ठोकळ्यावर ठेवून सुई मारायची. वीस प्रयत्नांत पंधरा वेळा दूध येईपर्यंत मी कोणालाही पुढे जाऊ देत नाही.

टेबलावर काय हवे

लिनिअर एकोएंडोस्कोप आणि त्याचा प्रोसेसर, कलर डॉपलरसह. सात ते दहा मेगाहर्ट्झच्या आसपास चित्र स्वच्छ मिळते. वाहिनी जवळ असल्यामुळे खोलवर बघण्याची गरज नसते. तोंडापुढे बघणारा साधा गॅस्ट्रोस्कोपही हवा, त्याचे काम पुढे येईल. सी-आर्म (टेबलाभोवती फिरवता येणारे क्ष-किरण यंत्र) आणि पाण्यात विरघळणारा आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट. आणि सुया.

सुईबद्दल जरा थांबून बोलतो, कारण बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. ईयूएसच्या सुया एकोणीस, बावीस आणि पंचवीस गेजच्या मिळतात. आकडा वाढला की सुई बारीक होते. पंचवीस गेज साधारण अर्धा मिलिमीटर जाड, बावीस पाऊण मिलिमीटरच्या आसपास, एकोणीस एक मिलिमीटरहून थोडी जास्त. दोन-तीन मिलिमीटरच्या मऊ, दाब नसलेल्या नळीत एक मिलिमीटरची सुई घालायला गेले की नळी पुढे सरकते किंवा दोन्ही भिंती फाटतात. नुसता नमुना हवा असेल तर बावीस गेज घ्या, डक्ट बारीक दिसली तर पंचवीस. एकोणीस गेजमधून ०.०३५ इंचाची मार्गदर्शक तार जाते, बावीसमधून ०.०१८ इंचाची. तार घालायची असेल तरीही मी बावीसनेच सुरुवात करतो.

सुईतली स्टायलेट (आतली तार) काढून आतली पोकळी हेपरिन (गोठणे थांबवणारे औषध) घातलेल्या सलाइनने भरून ठेवा. याची दोन कारणे आहेत. सुईत हवा राहिली तर ती डक्टमध्ये शिरून चित्र पांढरे करते. शिवाय लसीकेत फायब्रिनोजन असते, ती रक्तासारखीच गोठते आणि एवढ्या बारीक सुईत काही मिनिटांत गाठ बसते.

उपास, आणि मग चरबी

१६२२ च्या जुलैमध्ये इटलीत गास्पारे आसेल्ली यांनी एका नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचे पोट उघडले आणि आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे पाहिले. आधी त्यांना त्या नसा वाटल्या. एक दोरा कापला तर दुधासारखा द्रव उसळला. नंतर उपाशी कुत्र्यात बघितले तर दोरे दिसेनात. चारशे वर्षांनंतरही आपली अडचण तीच आहे. उपाशी जनावराची डक्ट रिकामी, चपटी आणि पारदर्शक असते. भूल देण्यासाठी मात्र जनावर उपाशीच हवे.

यावर उपाय असा. आदल्या रात्रीपासून खाणे बंद, पाणी चालू. पेंढ्याचे अंथरूण काढून घ्या, नाहीतर डुक्कर तेच खाऊन पोट भरते. भूल देऊन श्वासनलिकेत नळी बसली, तिचा फुगा फुगवला, वायुमार्ग सुरक्षित झाला, की साधा गॅस्ट्रोस्कोप घालून ड्युओडेनमपर्यंत, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत, जा. डुकराच्या जठराच्या आतड्याकडच्या तोंडाशी एक जाड उंचवटा असतो, तो ओलांडायला थोडी खटपट करावी लागते. तिथे कोमट क्रीम किंवा खाद्यतेल सोडा. आम्ही किलोमागे एक ते दीड मिली देतो. जठरात दिले तर भुलेत ते तिथेच पडून राहते आणि तुम्ही दोन तास रिकामी डक्ट बघत बसता. ड्युओडेनममध्ये दिल्यावर तासाभराने, दीड तासाने डक्ट फुगायला लागते. या वेळात शिरेतून सलाइन चालू ठेवा. शरीरात द्रव वाढला की लसीकाही वाढते. टेबल डोक्याकडे किंचित उतरते केल्यानेही मदत होते.

इथे एक सावधगिरी. औषधाच्या शोषणाचा प्रयोग असेल तर ही चरबी स्वतःच निकाल बदलते. लसीकेची वाट धरणारी औषधे चरबीबरोबर जास्त जातात. म्हणून चरबीचा प्रकार, मात्रा आणि वेळ प्रत्येक जनावरात तीच ठेवा आणि तुलनेच्या गटालाही तेवढीच द्या.

भूल आणि स्कोप घालणे

भूल हे पशुवैद्यकाचे काम आहे, एंडोस्कोपी करणाऱ्याचे नाही. साधारणपणे केटामाइनबरोबर झायलाझिन किंवा मिडाझोलॅमने सुरुवात आणि पुढे आयसोफ्लुरेन अशी मांडणी असते. डुकराचा स्वरयंत्राचा भाग लगेच आवळतो, म्हणून नळी घालण्याआधी लिग्नोकेनचा फवारा हवा. पिएत्रँ आणि लँडरेससारख्या काही जातींत भुलेच्या वायूने ताप झपाट्याने चढण्याचा जिवावरचा धोका असतो. तापमान आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड सतत बघा. अन्ननलिका निर्जंतुक नसते आणि सुई तिच्यातून थेट मेडिआस्टिनममध्ये (दोन फुप्फुसांमधल्या जागेत) जाते, त्यामुळे सुई मारण्याआधी प्रतिजैविकाची एक मात्रा द्या.

डुकराच्या घशात अन्ननलिकेच्या तोंडाच्या वर, पाठीच्या बाजूला, एक आंधळी पिशवी असते. माणसात ती नसते. एकोएंडोस्कोपचे टोक कडक असते आणि त्यातून समोर सरळ दिसत नाही. जोर लावला की टोक त्या पिशवीत शिरते आणि ती फाटते. साध्या गॅस्ट्रोस्कोपने आधी वाट बघून ठेवलेली असते त्याचा इथे उपयोग होतो. टोक थोडे खाली वळवून, जीभ बाहेर ओढून, हलक्या हाताने जा. अडकले तर मागे या. हाताला अडथळा जाणवल्यावर ढकलायचे नाही, हा नियम घशात जितका पाळावा लागतो तितका पुढे कुठेच नाही.

डक्ट शोधणे

स्कोप जठरात नेऊन महाधमनी शोधा. ती चुकणार नाही, जाड, धडधडणारी आणि डॉपलरमध्ये भरलेली. तिचा हात धरून हळूहळू मागे या. श्वासपटलाच्या खाली, कण्याला लागून, कधीकधी एक लांबट काळा डाग दिसतो. ती सिस्टर्ना काइली, म्हणजे डक्टची सुरुवातीची पिशवी, असू शकते. १६५१ मध्ये जाँ पेके यांनी कुत्र्यातल्या ज्या हौदाचे वर्णन छापले, तो हाच. बघून ठेवा, पण सुई तिथे मारण्याची घाई नको. मध्ये श्वासपटलाचा स्नायू येतो आणि नेम डळमळतो.

आता छातीत या. टोकावरच्या फुग्यात थोडे पाणी भरा म्हणजे अन्ननलिकेच्या भिंतीला स्पर्श टिकतो. जास्त नको, दाबाने डक्ट चपटी होते. महाधमनी लांबीत दिसेल असा स्कोप फिरवा आणि मग तिच्या कडेने अगदी थोडा-थोडा वळवत जा. तुम्हाला हवी आहे ती पातळ भिंतीची, आतून पूर्ण काळी, लांब नळी. ती धडधडत नाही. मधूनमधून बारीक आवळलेली दिसते, कारण आत झडपा असतात. डॉपलरचा वेगाचा स्तर शक्य तितका खाली आणा. अझायगस आणि बरगड्यांमधल्या धमन्या तेव्हा रंग भरतात, डक्ट मात्र सहसा काळीच राहते, कारण तिच्यातला प्रवाह फार संथ असतो.

एवढ्यावर समाधान मानू नका. नळी धरून ठेवा आणि वर-खाली चार-पाच सेंटिमीटर तिचा माग काढा. खरी डक्ट सलग मिळते. लसीकाग्रंथी किंवा गाठ काळी दिसली तरी संपते. बरगडीची धमनी आडवी जाऊन निसटते. डावीकडची नळी हृदयाकडे वळताना दिसली तर ती अझायगस. काही जनावरांत एकाऐवजी दोन डक्ट असतात किंवा त्यांचे जाळे असते. अशा वेळी सगळ्यात रुंद शाखा निवडा. अर्ध्या तासात काहीच पटत नसेल तर आणखी पाऊण तास थांबून पुन्हा बघा. चरबी पोचली नसेल. त्यानंतरही नसेल तर त्या दिवशी सुई मारू नका.

सुई

जागा अशी निवडा की सुईच्या रेषेत बरगडीची धमनी नाही आणि डक्टच्या मागे महाधमनी नाही. सुईचे टोक डक्टच्या पलीकडे गेले तर पुढे काय लागेल, हे आधी ठरवायचे.

आता भूलतज्ज्ञाला सांगून श्वास सोडलेल्या स्थितीत व्हेंटिलेटर काही सेकंद थांबवा. श्वासाबरोबर डक्ट पाच-सात मिलिमीटर हलते आणि हलत्या नळीत नेम लागत नाही. सुई अन्ननलिकेच्या भिंतीतून सावकाश पुढे न्या, टोक पडद्यावर सतत दिसत राहिले पाहिजे. डक्टच्या भिंतीला टेकल्यावर भिंत तंबूसारखी आत दबेल. इथे हळू ढकलत राहिलात तर दोन्ही भिंती एकमेकींना चिकटतील आणि सुई बाजूने सटकेल. एक छोटा, झटका दिल्यासारखा धक्का द्या, तीन-चार मिलिमीटरचाच. बरेचदा टोक दोन्ही भिंती पार करते. तेव्हा घाबरून सुई ओढू नका. सिरिंज जोडून अगदी हलके खेचा आणि सुई केसभर-केसभर मागे आणा. टोक पोकळीत आले की द्रव येतो.

सिरिंज पाच मिलीची पुरे, आणि ओढ अर्धा मिलीपेक्षा जास्त नको. गाठीच्या तपासणीला लावतो तशी दहा मिलीची पूर्ण ओढ इथे लावली तर डक्टची भिंत सुईच्या तोंडावर चिकटते आणि काहीच येत नाही. खूपदा सिरिंज काढून सुईचे टोक तसेच ठेवले तरी द्रव आपोआप वर चढतो.

तीन प्रयत्नांत जमले नाही तर थांबा. प्रत्येक भोकातून लसीका गळू शकते.

हीच डक्ट आहे का

पांढरा द्रव आला म्हणजे काम झाले, असे नाही. आणि पांढरा आला नाही म्हणजे चुकले, असेही नाही. चरबी पोचलेली नसेल तर लसीका फिकट पिवळी, जवळजवळ सिरमसारखी असते. म्हणून दोन स्वतंत्र पुरावे घ्या, आणि दोन्ही जुळल्याशिवाय तो नमुना अभ्यासात धरू नका.

पहिला पुरावा चित्राचा. सी-आर्मखाली एक-दोन मिली कॉन्ट्रास्ट हळू सोडा. डक्ट असेल तर मण्यांच्या माळेसारखी, झडपांनी खाचलेली रेषा कण्याच्या कडेने सावकाश डोक्याकडे सरकते आणि मानेच्या डाव्या मुळाशी शिरेत विरघळते. शीर असेल तर कॉन्ट्रास्ट क्षणात नाहीसा होतो, हृदयाकडे पळतो. मेघासारखा डाग पसरून तिथेच राहिला तर सुई वाहिनीबाहेर आहे. लगेच थांबा. विश्लेषणाचा नमुना कॉन्ट्रास्टच्या आधी काढा, नाहीतर तो पातळ होतो.

दुसरा पुरावा प्रयोगशाळेचा. त्याच मिनिटाला शिरेतले रक्त घ्या आणि दोन्हींतले ट्रायग्लिसराइड मोजा. माणसात छातीतला द्रव काइल आहे का हे ठरवायला डेसिलिटरमागे ११० मिलिग्रॅमची रेषा वापरतात. चरबी दिलेल्या जनावराची लसीका सहसा तिच्या बरीच वर असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वतःच्याच सिरमच्या कितीतरी वर. शिवाय एक साधी चाचणी आहे, जी मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला करायला लावतो. नमुन्याचा थोडा भाग उभ्या नळीत घालून रात्रभर चार अंशांवर ठेवा. सकाळी वर सायीसारखा थर दिसतो. ते कायलोमायक्रॉन, म्हणजे चरबीचे सूक्ष्म कण. पातळ काचेच्या नळीत तो पांढरा पट्टा एकदा डोळ्यांनी बघितला की लसीका म्हणजे काय हे विसरत नाही.

नमुन्यात रक्त मिसळले असेल तर तेही मोजा, रंगावर विसंबू नका. नुसत्या डोळ्यांना गुलाबी न दिसणाऱ्या नमुन्यातही तांबड्या पेशी सापडतात आणि प्रथिनांचे आकडे बिघडवतात. पेशींसाठी ईडीटीएची (नमुना गोठू न देणारी) नळी, रसायनांसाठी साधी, दोन्ही लगेच बर्फावर. हेपरिन सुईत होते, म्हणून पहिले काही थेंब वेगळ्या नळीत टाका आणि ते विश्लेषणाला घेऊ नका.

तार घालायची असेल तर

एखाद्याला डक्टमध्ये कॅथेटर हवा असतो. मऊ टोकाची ०.०१८ इंचाची तार सुईतून पुढे सारता येते. ती डोक्याच्या दिशेने गेली तर झडपा उघडत जातात. पोटाच्या दिशेने वळली तर पहिल्याच झडपेवर अडते, तेव्हा सुईचा कोन बदला, जोर लावू नका. आणि तार मागे ओढताना सुईच्या धारदार तोंडावर तिचे आवरण सोलले जाऊ शकते. जरा जरी अडली तरी तार आणि सुई एकत्र बाहेर काढा. अन्ननलिकेतून नळी दिवसभर डक्टमध्ये ठेवून देण्याच्या मी विरोधात आहे. तोंडातले जंतू थेट लसीकेत नेणारी ती वाट होते, आणि मग तुम्ही जे मोजता ते तुम्हीच घडवलेल्या संसर्गाचे मोजमाप असते.

नंतरचे तास

सुई काढल्यावर त्या जागेवर ईयूएसने पाच मिनिटे नजर ठेवा. डक्टच्या बाजूला काळा पट्टा वाढत असेल तर गळती आहे. रक्तस्राव असेल तर तो महाधमनीजवळ लगेच दिसतो. बाहेर येण्याआधी जठरातली हवा शोषून घ्या. जनावर जागे होण्यापूर्वी छातीचा एक क्ष-किरण काढा, हवा भरली आहे का ते त्यात कळते.

गळलेली लसीका मात्र लगेच दिसत नाही. ती दिवस-दोन दिवसांत छातीत साचते, आणि जनावर खायला लागले की वेग वाढतो. म्हणून पहिले दोन दिवस कमी चरबीचे खाणे द्या, आणि चोवीस तासांनी व त्यानंतर दोन दिवसांनी बाहेरून छातीचा अल्ट्रासाऊंड करा. श्वास जलद झाला, खाणे सोडले, ताप आला, तर पशुवैद्यकाला ताबडतोब बोलवा. वेदनाशामक बुप्रेनॉर्फिन ठरलेल्या वेळी द्या, जनावर ओरडण्याची वाट बघू नका. प्रयोग कोणत्या टप्प्यावर थांबवायचा आणि जनावराला वेदनारहित मरण द्यायचे, हे परवानगीच्या कागदात लिहिलेले असते. त्या टप्प्याला पोचल्यावर आणखी एक नमुना मिळाला तर बरे, असा विचारही करू नका.

दुसरी वेळ करायची असेल तर आम्ही सात दिवसांचे अंतर ठेवतो आणि पहिल्या जागेपासून दोन-तीन सेंटिमीटर वर किंवा खाली सुई मारतो. पहिल्या जागेवर भिंत जाड आणि चित्र धूसर झालेले असते.

प्रयोग संपल्यावरचे शवविच्छेदन टाळू नका. छाती उजव्या बाजूने उघडा, श्वासपटलाजवळ डक्ट शोधून तिच्यात बारीक सुईने मेथिलीन ब्लू सोडा. निळी रेषा वर चढत जाते आणि तुमच्या सुईची भोके कुठे आहेत, किती आहेत, त्यातली डक्टवर किती आणि शेजारच्या चरबीत किती, हे सगळे उघडे पडते. त्याचा फोटो मोजपट्टीसह काढा, ईयूएसच्या चित्राशेजारी ठेवा, आणि जनावराचा क्रमांक, तारीख, चरबीची वेळ, सुईचा गेज आणि प्रयत्नांची संख्या त्याच पानावर लिहा. फसलेल्या प्रयत्नांचीही.